ते वाक्य कोणाचं?

३ मार्च, मंगळवार
सतीश, माझा नवरा, लंडन पोलिसात दोन वर्षं हंगामी इन्स्पेक्टर होता. मग पुन्हा सार्जंट, आणि खुर्ची गोऱ्या मार्कला, ज्याला काम यानेच शिकवलं. पोलीस खात्याचं उत्तर: 'ऑपरेशनल नीड.' गरजेचा रंग कोणता, ते लिहिलेलं नाही.

आज आमची सॉलिसिटर खूश. तिला हॅरोतल्या गणेशोत्सवाचा व्हिडिओ मिळालाय. मीच लिहून बसवलेलं प्रहसन, त्यात सतीश स्वतःच्या साहेबाच्या भूमिकेत: "तुम्हा लोकांना हुकूम पाळणं छान जमतं. देणं आमच्यावर सोडा." साहेब त्याला खरोखर हेच म्हणाला होता, आता नाकारतोय. व्हिडिओ तक्रारीच्या आधीचा, म्हणजे पुरावा. भेदभावाची केस ट्रायब्यूनलपुढे आहे; वाक्य साहेबाचंच, हे सांगायला मी साक्षीदार.

६ मार्च, शुक्रवार
झोप नाही. वाक्य फारच चांगलं आहे. साहेब लोक इतकं नेटकं बोलत नाहीत, ते अर्ध्यात सोडून खोकतात. नेटकं करणं हा माझा धंदा. सतीश त्या दिवशी घरी येऊन काहीतरी म्हणाला, ते मी घासूनपुसून... किती? आठवत नाही.

८ मार्च, रविवार
भाजी चिरताना विचारलं, "साहेब नेमकं काय म्हणाला होता रे?"
त्याने म्हणून दाखवलं. मधला पॉझसुद्धा मी तालमीत बसवलेला.
"मराठीत नको. तो काय मराठीत बोलला?"
सतीश थांबला. मग इंग्रजीत सांगितलं, एकेक शब्द जुळवत.
"तुझा माझ्यावर विश्वास नाही?"
"माझ्यावर नाही."

१७ मार्च, मंगळवार
सतीशची साक्ष झाली. शपथेवर वाक्य म्हटलं. त्याला ते खरंच तसं आठवतं, हीच तर भीती. बाकी प्रत्येक आरोपाला उत्तर म्हणून खात्याकडे कागद आहेत, केस या एका वाक्यावर उभी. हरला तर निवृत्तीपर्यंत मार्कला 'सर'.

१८ मार्च, बुधवार
खात्याच्या बॅरिस्टरने गोड आवाजात विचारलं, "मिसेस जोशी, हे वाक्य साहेबांचं, की तुमचं?" मी तोंड उघडणार तोच न्यायाधीशबाईंनी घड्याळ पाहिलं. उरलेलं उद्या. तोवर साक्षीबद्दल कुणाशी अवाक्षर नको, नवऱ्याशीही नाही. ट्रेनमध्ये दोघं समोरच्या जाहिराती वाचत आलो.

रात्री सतीशने पिठलं केलं. "कसं झालंय?" एवढंच विचारलं. एरवी मी 'छान' म्हणते.
"मीठ कमी आहे."
त्याने माझ्याकडे बघितलं, मग मीठ आणायला उठला.