राखीव लाईन

४ जून २००१, सोमवार
पेटी आली! अमरसिंह सर पुण्याहून स्वतः घेऊन आले. दिसायला जुन्या टेपरेकॉर्डरएवढी, मागे आठ भोकं. एकेका भोकातून एकेक वायर रॅकमधल्या, गावाला इंटरनेट देणाऱ्या मशीनच्या पाठीत. आता मशीन अडकलं की सर पुण्याहून फोन लावणार, पेटी तो आपोआप उचलणार, आणि तिथल्या खुर्चीत बसूनच ते इथलं मशीन चालू करणार. पासवर्ड त्यांच्याकडे. मी नुसते दिवे बघायचे.

तीनदा बजावलं — "पेटीच्या या फोनलाईनीला हँडसेट जोडायचा नाही. नंबर कुणाला द्यायचा नाही. मी फोन लावला आणि एंगेज लागला, तर अख्ख्या अंबाजोगाईचं इंटरनेट बंद!"

धुळाजीमामा, आमचे रखवालदार, आजवर अडकलेलं मशीन बटण दाबून चालू करणारे, दारातूनच म्हणाले, "मंग आता मी बटन दाबायचं न्हाई व्हय?" सर हसले. मामा हसले नाहीत.

७ जून
नंबर दिला. संगमेशला. साखरपुडा होऊन महिना झाला, लातूर काही फार लांब नाही, पण बोलायचं कुठून? घरचा फोन दुकानात, अप्पांच्या कानाशी. पाच मिनिटं बोलायचं, फक्त पाच! माळ्यावरचा जुना लाल हँडसेट पिशवीतून आणला.

८ जून
पाऊण तास.

१३ जून, बुधवार


आज बारावीचा निकाल. यंदा इंटरनेटवर बघायला मिळणार म्हणून गावातल्या तिन्ही कॅफेंसमोर सकाळपासून रांगा. परळीला कंपनीचं पार्सल आल्याचं कार्ड पडलं होतं, ते आणायला मामांना मीच पाठवलं. मुद्दामच! खोलीत मी एकटी. अकराला संगमेशचा फोन, पेटीच्या आधी मी उचलला. मी रॅककडे पाठ करून, पाय खुर्चीवर घेऊन. पत्रिकेत कुणाकुणाची नावं, हॉल कुठला, शालू कुठल्या रंगाचा...

एक वाजता जिन्यात गलका. कॅफेवाले वर आले. "म्याडम, दीड तास झाला, कायबी उघडंना! पोरं पायरीवर बसून रडायलेत!"

वळून बघते तर मोठ्या मशीनचे दिवे जागच्या जागी थांबलेले. फोन ठेवला. लगेच पेटीत किर्र वाजलं आणि चार मिनिटांत सगळं चालू. म्हणजे सर दीड तास फोन लावत होते!

हँडसेट कपाटात कोंबला. अडीचला मामा आले, खांद्यावर पार्सल, अंगरखा घामानं भिजलेला. माझ्याकडे बघून म्हणाले, "तोंड कावून उतरलं गं पोरी?"

१५ जून
सर आले. कपाट उघडलं, हँडसेट निघाला. मामा चहा सांगायला खाली गेले होते.

"त्या म्हाताऱ्याचं काम दिसतंय हे. बसला असेल कुणाशी तरी गप्पा मारत."

मी "हं" म्हणाले.

एवढंच. खोटं बोलले नाही, नाव घेतलं नाही, नुसतं हं. लाज वाटते लिहितानासुद्धा. मामा वर आल्यावर सरांनी विचारलं. मामा आधी हँडसेटकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी दिवे बघत होते. ते म्हणाले, "तुमाला वाटतंय तसं आसंल, साहेब."

उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं त्यांना.

१६ जून
दाराजवळचं मामांचं स्टूल रिकामं. त्याच्याकडे पाठ करून बसले. पाठ करून बसायला मी आता चांगली शिकलेय.

१९ जून
संगमेशचा फोन, दुकानात. अप्पांनी कौतुकानं माझ्या हातात दिला आणि उगाच बाहेर जाऊन उभे राहिले. मामांचं सांगितलं. तो म्हणाला, "एका वॉचमनचं काय एवढं घेऊन बसलीस?" असा राग आला त्याचा! घरी आल्यावर कळलं, राग त्याचा नव्हता. पंधरा तारखेला माझ्या मनातही हेच आलं होतं. अगदी याच शब्दांत.

२१ जून
बूथवरून पुण्याला सरांना फोन लावला. सगळं सांगून टाकलं. हँडसेट माझा, नंबर मी दिला, मामा त्या वेळी परळीत होते, मीच पाठवलं होतं.

सर म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत. पण पेटी आल्यावर तिथे रखवालदार लागतोय कुठे? ती जागाच आता काढून टाकलीय. पुन्हा असं करू नका, महानंदा."

रागावलेसुद्धा नाहीत! त्यांनी रागवायला हवं होतं. मला काढलं असतं तरी चाललं असतं. नोकरी माझी राहिली.

२४ जून, रविवार
मामांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, बायनाबाईंनी, पाणी दिलं, पोहे टाकायला आत गेल्या. मान खाली घालून सगळं बोलले, माफी मागितली. मामांनी खुंटीवरच्या अंगरख्याच्या खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हातावर ठेवला. परळीच्या पार्सलची पावती. शिक्का — तेरा जून, सव्वाबारा.

"साहेबानं इचारलं तवा खिशातच व्हती," म्हणाले. "तू बोलशील म्हनून काडली न्हाई."