शिरा आणि डिंकाचे लाडू

आई, तुझ्या जावयाची नसबंदी झाली. सोफ्यावर पाय पसरून बसलाय, मांडीवर फ्रीजरमधली मटारची पिशवी आणि शेजारी सासूबाईंनी केलेले डिंकाचे लाडू. बाळंतिणीला देतात तसे, सकाळी एक, संध्याकाळी एक. त्यांना शेकही द्यायचा होता, पण डॉक्टरांनी गार ठेवायला सांगितलंय, म्हणून मटार जिंकले. धाकटी जर्मनमध्ये विचारते, बाबाला बाळ झालं का? मोठी म्हणते, गेनाऊ, अगदी उलटं. हसलं की दुखतं म्हणून तो आम्हाला गप्प बसवतो आणि आम्ही आणखीच हसतो.

आमचं लग्न व्हायच्या आधीच तू गेलीस, या जावयाला पाहिलं नाहीस, तरी तुला हे कळायलाच हवं. तालुक्याच्या दवाखान्याची नर्स म्हणून तू गावोगाव कुटुंबनियोजन सांगत फिरलीस आणि एखादा पुरुष तयार झाला की घरी येऊन शिरा करायचीस. माझ्या लहानपणी शिरा फार क्वचित झाला. सुट्टीत मी तुझ्याबरोबर असे. तू एखाद्या घरात शिरतेस, सासूला चहा टाकायला पाठवतेस, नवऱ्याला बाहेर ओट्यावर बसवतेस, मग मधल्या खोलीचं दार लोटून त्या बाईला हळूच विचारतेस, तुला काय हवंय? कुणाला गोळ्या हव्या असतात, कुणाला तांबी, कुणाला अजून एक मूल. मूल हवं म्हणणारीच्या मागे तू कधी लागत नाहीस, वरचे साहेब आकडे मागत असले तरी. तेवढ्यात सासू आधण ठेवून गुपचूप दाराशी आलेली असते. तू आतूनच मोठ्यांदा म्हणतेस, "आजी, साखर बेताची हं."

माझं म्हणशील तर गोळ्यांनी माझं डोकं धरायचं आणि तांबीने पाळीत अंगावरून फार जायचं. तरी त्यांना दोष देणार नाही. माझ्या कितीतरी मैत्रिणींना त्याच मानवल्या, आणि दोन मुलींमधली मोकळी वर्षं मला गोळ्यांनीच दिली. त्याच वर्षांत मी इथली भाषा शिकले, लिहून कमवायला लागले. धाकटीनंतर एकदा माझं डोकं चेपता चेपता तुझा जावई म्हणाला, आता मी करून घेतो.

सासूबाई पुण्याहून इथे लुडविग्सहाफेनला आल्या होत्या. ऐकून त्या रुसल्या. बायकाच करतात की, त्याला कशाला, म्हणाल्या. मग एका दुपारी आलं सोलता सोलता, मान वर न करता बोलल्या, "माझं केलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं. यांनी सही केली. याला नीट विचारलंयस ना तू?"

हे कायमचं असतं, पुन्हा जोडता येईलच असं नाही. माझ्या कण्हण्याला कंटाळून तो हो म्हणाला असेल तर?

टेरमिनच्या, डॉक्टरांनी दिलेल्या वेळेच्या, दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला हसून बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. आई, मला तुझी मधली खोली आठवली. परतताना ट्राममध्ये तो सांगत होता, घरून कुणी भाग पाडतंय का असं त्यांनी विचारलं. "मी म्हटलं, छे, उलट आई रुसून बसलीय. मला आता मूल नकोय. आणि दर महिन्याची धाकधूकही नको."

घरी सासूबाईंनी एकच विचारलं, "एकट्याला विचारलं?" तो हो म्हणाला. त्या उठल्या आणि बॅगेच्या तळातून डिंकाची पुडी काढली. माझ्या तिसऱ्या बाळंतपणाच्या आशेने आणलेला डिंक होता तो. "आणलाय तर कुणाच्या तरी उपयोगी येऊ दे," म्हणाल्या आणि तूप तापत ठेवलं.

नसबंदी लगेच लागू होत नाही, पुढच्या तपासणीपर्यंत जपायचंच आहे, ते तू मला सांगायला नको. आज मी शिरा केला.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक सांगून टाकते. दवाखान्यात मी त्या खुर्चीवर जेमतेम टेकले. मग उठून दाराला कान लावला. जर्मन दार, काही ऐकू आलं नाही. तू आत असतीस तर मला साखर बेताची टाकायला सांगितली असतीस.