ऑगस्टचे आकडे

मी, लझार केहायोव, वय चौऱ्याहत्तर, राहणार स्तुदेना, रोडोप पर्वत, बल्गेरिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कोणाचा दबाव नाही. असता तर हे वीस वर्षांपूर्वीच लिहून झालं असतं.

१. राहतं घर आणि आलुबुखाराची झाडं माझी मुलगी मिंका हिला. तिच्या आईच्या खोलीची खिडकी तिने बदलून घ्यावी. मी नुसतं म्हणत राहिलो.

२. गवत कापायचा माझा लांब दांड्याचा विळा मेहुणा स्पास याच्याकडे अकरा वर्षं आहे. त्याच्याकडेच राहू दे. मात्र तो माझा होता, हे त्याने एकदा चारचौघांत कबूल करावं.

३. झऱ्याच्या मोजणीच्या नऊ वह्या पाणी खात्याला द्याव्यात. १९९४ ते २००२ मी दर सोमवारी गावावरच्या झऱ्याला जाऊन सेकंदाला किती लिटर पाणी येतं ते लिहीत असे. निदान सगळे तसं समजत. ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणजे आमच्या ऐन कोरड्या उन्हाळ्यात, गवतकापणी असायची आणि चढण दीड तासाची. पहिली दोन वर्षं गेलो. ती चांगल्या पावसाची होती. पुढची सात वर्षं त्या महिन्यांत एकदाही गेलो नाही. घरी बसून जुन्या आकड्यांत लिटरभर इकडेतिकडे केलं. त्या पानांवर आता लाल रेघ मारली आहे.

४. इंजिनिअर वेंत्सिस्लावा बाईंची लेखी माफी मागतो. पत्र पेटीत आहे. झरा न आटवता किती पाणी घेता येईल, हे ठरवायला त्या आल्या होत्या. माझ्याच स्वयंपाकघरात त्यांनी विचारलं, "लझारकाका, उन्हाळ्याचे आकडेही तुम्ही स्वतः वर जाऊन घेतलेत ना?"

"मग दुसरं कोण जाणार?" मी म्हणालो आणि त्यांना आणखी घेवड्याची भाजी वाढली.

त्या आकड्यांवर पलीकडच्या डोंगरावरच्या हॉटेलांना पाईप गेला. २००६ च्या ऑगस्टात झरा आटला. शेतातला बटाटा करपला. बाईंची नोकरी गेली.

५. झऱ्याखालचं कुरण साल्झा चाउशेवा हिला, म्हणजे मेंढपाळ रुसानच्या मुलीला. रुसानने कित्येक वर्षं वर खणून झऱ्याचं पाणी दुसरीकडे वळवलं, असं गाव म्हणू लागलं. सभा भरली. उन्हाळाभर वर राहणारा तो एकटाच. मी येत नाही हे त्यालाच ठाऊक होतं. त्याने ते उघड केलं नाही. सभेत मला म्हणाला, "लझार, तू तर इतकी वर्षं वर येत होतास. मी दगड हलवताना कधी दिसलो का? सांग बाबा."

मी म्हणालो, "मी काही पाहिलं नाही."

वाक्य खरं होतं. लोकांनी त्याचा अर्थ घेतला, की पाहिलंय पण सांगत नाही, आणि मी घेऊ दिला. रुसानने मेंढ्या विकल्या, शहरात गेला, दोन वर्षांपूर्वी तिथेच वारला. दफनालाही मी गेलो नाही.

६. बँकेतली शिल्लक झऱ्याच्या नव्या मोजणीसाठी. जो कोणी मोजेल त्याने कोरडा दिवस कोरडाच लिहावा.

७. हे कलम मागाहून घातलं आहे. काल साल्झाला हा कागद वाचून दाखवला. ती लोकर विंचरत होती. म्हणाली, "कुरण नको मला. तुम्ही मेल्यावर हे गावाला वाचायला लावताय होय? तेव्हा तुमच्याकडे बघणार कोण?"

रविवारी प्रार्थनेनंतर, सगळे चौकात असताना, मी उभा राहून हे सांगणार आहे. तोंड उघडलं नाही, तर साक्षीदारांनी पाचवं कलम तिथल्या तिथे, मी ऐकत असताना, मोठ्याने वाचावं. माझी त्याला आजच संमती आहे.

साक्षीदार: स्तानिमिरा पाशेवा, निवृत्त शिक्षिका (सही)
किरिल मुताफोव, दूध केंद्र चालक (सही)

लझार केहायोव (सही)
स्तुदेना, गुरुवार, १२ सप्टेंबर २०२४