बादलीवरची गोधडी

६ जुलै, सोमवार
टूनगॅबीत दात वाजवणारी थंडी, इकडे परदेशात जुलैत हिवाळा. सूनबाई प्राजक्ता, पुढं प्रा. लिहीन, हात दुखतो, गॅरेजात बियर लावत होती. जवाच्या गोड पाण्यात दोन जातींचं यीस्ट. दोन कशाला गं? "आई, एकाने वास छान येतो, पण ते अर्ध्यात झोपतं. दुसरं शेवटपर्यंत साखर खातं." म्हणजे आम्ही दोघी जावा. थोरली गोड बोलायची, भांडी मी घासायची. दुसरं गुरुवारी घालणार. महिन्याने तिच्या क्लबात चाखून नंबर काढतात. तिथं बाई ही एकटीच. लई भारी वाटलं.

७ जुलै
प्रा. ऑफिसला. बादली गारठलेली, वरच्या नळीत एक बुडबुडा नाही. इडलीचं पीठही बसलेलं, ते गुंडाळलं गोधडीत. मग म्हटलं हिलाही. प्रा. यायच्या आत काढली.

८ जुलै
परत गुंडाळली. गुडगुड गुडगुड, काय आनंद झाला. नात ईरा म्हणते, "आजी, इट्स बर्पिंग." ढेकर देतेय म्हणे. पिकल्या केळ्याचा वास. चारला गोधडी काढली. चांगलंच केलं तर लपवते कशाला...

९ जुलै
प्रा.ने हुंगलं. "केळं? एवढ्या थंडीत? हा वास तर उबेत येतो. पहिल्यानेच सगळी साखर खाल्ली वाटतं." तरी दुसरं यीस्ट घातलं. धाकटी उपाशी राहणार आता. मी पोळ्या लाटत राहिले.

१० जुलै
प्रा. रोजची थंडी-उष्णता एका वहीत लिहिते. तिच्या बारीक अक्षराखाली माझं ढोबळं : मंगळवार गोधडी. बुधवार पण. आई. चौथीपर्यंतच शाळा, पण एवढं आलं.
संध्याकाळी वही घेऊन समोर उभी. "किती तास? नीट सांगा." नऊ ते चार, दोन्ही दिवस. "आई, ही काय इडली आहे?" मी म्हटलं, इडली तर फुगली चांगली. हसली नाही. तास लिहून घेतले, मग हसली.

१२ जुलै, रविवार
प्रा.ने आणखी एक छोटी बादली लावली. तीच दोन यीस्ट, गोधडी नाही. क्लबात दोन्हीतली एकच न्यायची.

९ ऑगस्ट, रविवार
दोन्ही बाटल्या फोडल्या. जन्मात चाखली नव्हती, चमचाभर घेतली. छोटीची स्वच्छ, कडू. गोधडीवालीला केळं, मागून जरा लवंग. प्रा. एकदा ही, एकदा ती. "छोटीची बरोबर आहे आई. पण मला गोधडीवालीच परत प्यावीशी वाटतेय."
क्लब दोनला. दोन्ही घेतल्यात. प्रा. गाडीतून हाका मारतेय, चला, वाटेत ठरवू. गोधडी पायावर घेऊन बसते.