कार्डावरची ताई

३ तारीख, सोमवार

लागली नोकरी! गळ्याशपथ, मलाच खरं वाटत नाही. दोन वर्षांत सहा धंदे करून झाले, सातव्यात चक्क गादीची खुर्ची. सॉफ्टवेअरची कंपनी, इवलीशी, चौदा माणसं. मालक माझ्याहून चारच वर्षांनी मोठा, सगळे त्याला कॅप्टन म्हणतात. माझं काम असं : चौदाही जणांशी निवांत बोलायचं, इथे त्यांना कुठे टोचतं ते विचारायचं, चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवायचं. मग सगळ्यांचं मिळून एक काल्पनिक माणूस कार्डावर उभं करायचं आणि कंपनी त्या माणसासाठी सुधारायची. याला डिझाइन थिंकिंग म्हणतात. कॅप्टन म्हणाला, युक्ती एकच : प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘का?’ विचार. पाचव्या ‘का’ला माणूस खरं बोलतो. हे तर शेंबडं पोरही करतं! पिवळ्या चिठ्ठ्या आजच संपल्या. होड्या फार सुबक होतात त्यांच्या.

६ तारीख, गुरुवार

तिघांशी बोललो. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टर बाईंनी पहिल्याच ‘का’ला वाटेला लावलं, म्हणाल्या, बाळा, तुला काम नसेल, मला आहे. खाली सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. चाकाचे आरे कसे ताणतात ते बघण्यात दोन तास गेले. अकराजण राहिलेच. ताईचा फोन दोनदा येऊन गेला. कामात होतो.

(सायकलच्या दुकानात होतो.)

७ तारीख, शुक्रवार

चारला कार्ड दाखवायचं होतं आणि माझ्याजवळ चिठ्ठ्या तीन. मग सुचेल ते खरडलं. सुचली ताई. वय बत्तीस. उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग. कुणी ऐकेनासं झालं की तो चोळत बसते. सगळ्यांचं निस्तरते, तिला कुणी विचारत नाही. जिन्यात जाऊन रडते, तोंड धुऊन परत येते.

जिन्यातलं रडणं मी लहानपणी चोरून पाहिलं होतं. कुणाला सांगू नकोस म्हणून तिने शपथ घातली होती. ते चौदा जणांपुढे मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. कॅप्टनचे डोळे भरून आले. म्हणाला, किती जीव लावून ऐकलंस रे सगळ्यांचं! मी मान खाली घातली. त्याला तो विनय वाटला.

अंथरुणाला खिळलेल्या बाबांना तिच्या गळ्यात टाकून मी दोन वर्षांपूर्वी निघालो. ‘आठवड्यात येतो’ म्हणून.

१० तारीख, सोमवार

कॅप्टनने कोपऱ्यात तिच्यासाठी रिकामी खुर्ची मांडली, टेबल, कप. काहीही ठरवताना विचारायचं : ताईला हे चालेल का? टेस्टर बाई म्हणाल्या, चला, निदान ही तरी वेळेवर येईल. सगळे हसले. मीही.

१२ तारीख, बुधवार

खुर्चीची उंची कुणीतरी कमी केलीय. ताई ठेंगणी आहे, पण ते मी कार्डावर लिहिलं नव्हतं.

कप धुऊन पालथा, खाली कागदाची चौकोनी घडी. ताई असाच ठेवते.

टेस्टर बाई म्हणाल्या, फार गोड आहे हो तुमची ताई, जेवताना सगळं ऐकून घेते. मी थट्टा समजून हसलो. बाई हसल्या नाहीत.

शुक्रवारपासून ताईचा फोन नाही.

१३ तारीख, गुरुवार

तिला लावला. असा नंबरच नाही म्हणे.

बाबांना लावला. त्यांनी विचारलं, कोण ताई? मला एकच मूल, तू. सध्या शेजारच्या काकू पाणी देऊन जातात. मी विचारलं, मग इतकी वर्षं तुमचं कोण करत होतं? मग बाबा रडायला लागले. आठवत नाही रे, म्हणाले, कुणीतरी होतं.

कॅप्टनला सगळं सांगितलं. अकराजणांना भेटलोच नाही, कार्ड खोटं, ती माझी बहीण. त्याने पाठ थोपटली. म्हणाला, मला काय सांगतोस, तिला सांग. बसलीय बघ.

मी बघितलं नाही.

१४ तारीख, शुक्रवार. सकाळी अकरा

आज डिझाइन थिंकिंगची शेवटची पायरी. कार्डावरच्या माणसासमोर बसायचं. कार्ड फाडणार होतो — फाडलं आणि ती तिकडेही नाही, इकडेही नाही झाली तर?

बसलोय. लख्ख ऊन. समोर आधी फक्त अंगठा. त्यावरचा डाग चोळला जातोय.

विचारतेय तीच. लिहून उत्तर देतो, बोलायला तोंड उरलं नाही.

फोन का उचलला नाहीस — कामात होतो.

का — कामात नव्हतो. तुझा आवाज ऐकला असता तर परत यावं लागलं असतं.

का नाही आलास — बाबांचं करायची किळस यायची. मला. तुला नसेल येत असं —

का — विचारलंच नाही कधी.

डाग चोळणं थांबलं.

मग मलाच एकटीला का —

कारण तू कुणाला सांगणार नाहीस हे माहीत होतं. जिन्यात रडशील आणि तोंड धुऊन —

खुर्ची रिकामी आहे.

भिंतीवर नवं कार्ड. माझ्या अक्षरात. वय चोवीस. एका जागी टिकत नाही. फोन उचलत नाही. सगळे माझ्या टेबलाभोवती. टेस्टर बाई माझ्यातून पलीकडे बघत विचारतायत, इथे कोण बसायचं हो?

फोन वाजतोय. ताई! ताईचा, घरून —

उचलतोय. काचेला माझं बोट कळत नाही. पुन्हा ओढतो. कळत नाही. वाजतोय अजून. ताई, ठेवू नकोस, उचलतोय, खरंच उचलतो—