पाठपोट

प्रिय जावक,

या नावाने हाक मारलेली पाहून तू आधी दचकशील आणि मग हसशील, निदान अशी आशा आहे. गेल्या एकोणीस वर्षांत तुला या नावाने कोणी हाक मारली नसेल, कारण ती मारणारी मी एकटीच, आणि मी तर तोंडात मूग धरून बसले होते. अक्षर ओळखलं असशीलच. जरा थरथरतंय, पण ते वयाने, रागाने नाही. राग होता, भरपूर होता. त्याचं पुढे काय झालं तेच सांगायला बसलेय, तेव्हा मध्येच पत्र ठेवून उठू नकोस.

आधी माझी खुशाली. कचेरीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. आई गेली त्याला सात. घर तेच, दोन खोल्यांचं, फक्त आता दोन्ही खोल्या माझ्याच. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत आहे. कधी कधी दुपारी एकदम लक्षात येतं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही. मग मी मोठ्याने वर्तमानपत्र वाचते, अगदी बाजारभावासकट. हसू नकोस. आवाज गंजू नये म्हणून करते. खरं सांगू? फार एकटं वाटतं गं. हे दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर भजनी मंडळात जा म्हणाले असते.

अलीकडे आपली कचेरी फार आठवते. पाणीपुरवठ्याच्या त्या खोलीत दाराच्या डावीकडे मी, आवक. उजवीकडे तू, जावक. येणारं प्रत्येक पत्र माझ्या शिक्क्याखालून जायचं, जाणारं प्रत्येक पाकीट तू चिकटवायचीस. आणि दोन्ही टेबलांच्या मध्ये ‘नादुरुस्त मीटर, संकीर्ण’ अशी चिठ्ठी लावलेली ती फाईल फिरत असायची, कारण त्या नावाची फाईल कोणी उघडून बघणार नाही याची आपल्याला खात्री होती. आत आपली कादंबरी: विषम प्रकरणं तुझी, सम माझी. नियम एकच. गोष्टीबद्दल तोंडाने अवाक्षर काढायचं नाही. नायिकेला चांगलं पेचात अडकवून फाईल बंद करायची आणि समोरच्या टेबलावर सरकवायची; सोडवेल ती दुसरी. एकदा तू तिला होणाऱ्या सासूबरोबर बंद पडलेल्या लिफ्टमध्ये कोंडलंस, आणि हिच्या पिशवीत त्याच सासूचं पळवलेलं मांजर! चार दिवस मला जेवण गोड लागलं नाही. तू मात्र समोर बसून निर्विकारपणे तिकिटं चिकटवत होतीस.

न बोलण्याच्या त्या नियमापायीच आपण नायिकेच्या आईला चौथ्या प्रकरणात मारलं आणि नवव्यात तिच्याकडून चहा करवून घेतला. मारली मी, चहा तुझा. पुस्तक छापून आल्यावर वाचकांची पत्रं आली, त्यात एकीने लिहिलं होतं की आई परत आली ते फार बरं झालं, तिच्यावाचून करमत नव्हतं. आणि साहेबांनी एकदा खरोखरच मीटरचं काम निघालं म्हणून फाईल उघडली, ती तीन दिवस घरी ठेवून घेतली. आपण दोघी राजीनाम्याचा मसुदा करून बसलो होतो. फाईल परत आली ती हिरव्या शाईतल्या शेऱ्यासह: ‘पुढील कार्यवाही त्वरित करावी.’ त्यांच्या मिसेसना लग्न कोणाशी होतं ते कळायला हवं होतं.

काय दिवस होते! दोघींचं मिळून एक टोपणनाव, आणि वाचकांच्या लेखी आपण एकच ‘बाई’. बाईंचं नवीन आलं का, म्हणून बायका वाचनालयात नंबर लावायच्या. पुस्तकं परत यायची तेव्हा त्यांना तेलाचे, साबणाचे डाग असायचे. ग्रंथपाल कुरकुरायचे, पण मला ते डाग फार आवडायचे. एका हातात कालथा आणि दुसऱ्या हातात आपण. चौदा वर्षांत सव्वीस कादंबऱ्या झाल्या.

मग वारं फिरलं. टीव्हीवरच्या मालिका आल्या आणि दुपार त्यांनी घेतली. दाढीवाले प्रकाशक आपल्याला बोलावून म्हणाले, हसणारी नायिका आता चालत नाही, हिला जरा रडवा. दोन वर्षांनी म्हणाले, रडणंही पुरे झालं, एखादा खून घाला. आणि त्या परिसंवादात तो विद्वान म्हणाला की असली पुस्तकं म्हणजे बायकांची वामकुक्षी. सगळं सभागृह हसलं. आपणही हसलो, कारण आपण कोण हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. पण परतताना तू सबंध रस्ता गप्प होतीस. मला काही लागलं नाही. बायकांना घटकाभर डोळा लागत असेल तर बिघडलं काय, असं मला वाटलं. तुला मात्र ते जिव्हारी लागलं होतं, आणि मी ते ओळखायला हवं होतं.

पुढे वाचनालयाने आपली पुस्तकं बाद केली तेव्हा ग्रंथपालांनी मला निरोप धाडला. मी अकरा प्रती उचलून आणल्या. प्रत्येकीच्या शेवटी तो तारखांचा कागद आहे. सुरुवातीला शिक्क्यावर शिक्का, दर आठवड्याला एक, शाई वाळायला उसंत नाही. मग महिन्याला एक. मग वर्षाला. मग एक अगदी शेवटची तारीख आणि खाली कोरा कागद. त्या शेवटच्या तारखेला पुस्तक नेणारी कोण असेल, याचा मी पुष्कळ वेळा विचार करते. तिला ते आवडलं असेल का? आवडलं तर कोणाला सांगितलं असेल?

तुझ्या मिस्टरांची बदली झाली आणि तू नोकरी सोडून गेलीस. काही दिवस प्रकरणं पोस्टाने फिरली, पण पोस्टाला आपल्या टेबलांची सर कुठली? माझं एक प्रकरण तुझ्याकडे गेलं ते परत आलंच नाही. त्यानंतर तुझी स्वतःच्या नावाची जाडजूड, गंभीर कादंबरी आली, तिला पारितोषिक मिळालं, आणि एका मासिकात तुझी मुलाखत आली. तिचं पान तू मला पाठवलंस. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही, नुसतं पान. मी ते उभ्याउभ्या वाचलं. आपल्या कादंबऱ्यांबद्दल त्यांनी तुला विचारलं होतं, आणि पानाच्या अगदी शेवटच्या ओळीत तुझं उत्तर होतं: ‘त्या कादंबऱ्या माझ्या नाहीत.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, वा! पारितोषिक मिळाल्यावर जुनी भांडी माळ्यावर? आणि वर ते पान मला पाठवायचं, म्हणजे आणखी मीठ! मी त्यावर हाताने आवक तारीख घातली, घडी केली आणि लोखंडी कपाटात टाकून दिलं. उत्तर पाठवलं नाही. तुझे मिस्टर गेल्याचं कळलं तेव्हासुद्धा मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. त्याची लाज आजही वाटते, आणि तिला सबब नाही.

आता या पावसाळ्यानंतरची गोष्ट. दारात एक मुलगी उभी राहिली, तिशीची असेल, पाठीला पोतंभर पिशवी. प्रकाशक आहे म्हणाली. मी तिला आधी वॉटर फिल्टर विकणारी समजून हाकलत होते. तिच्या आईच्या ट्रंकेत तिला आपली पाच पुस्तकं सापडली होती, आणि माझा पत्ता तिने ग्रंथपालांकडून काढला होता. मला म्हणाली, “मावशी, लोकांना आता पुन्हा हसायचंय हो. दिवसभर बातम्या ऐकून डोकं उठतं.” हल्ली म्हणे पुस्तकं कानाने वाचतात, मुली भांडी घासताना, जिने चढताना ऐकत असतात. तिने आपलं एक प्रकरण कोणाकडून तरी वाचून घेऊन ऐकवायला ठेवलं, लिफ्टचंच, आणि ते हजारो जणींनी ऐकलं. तिला सगळ्या सव्वीस पुन्हा काढायच्या आहेत. एकोणीस वर्षांपूर्वी ज्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याला आता ती ‘मनाला हलकं करणारं साहित्य’ म्हणते. जग गोल आहे, दुसरं काय!

आता माझा गुन्हा ऐक. तिची समजूत अशी होती की बाई म्हणजे मी, एकटी. मी ती मोडली नाही. तू ज्यांना माझ्या नाहीत म्हणालीस त्या माझ्या एकटीच्या झाल्या तर तुझं काय जातं, असं स्वतःला समजावलं. तीन महिने मी बाई होते. मुलाखत दिली, फोटो काढून घेतला, केसांना रंगसुद्धा लावला. एकीने विचारलं की लिफ्टचा प्रसंग कसा सुचला. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, आणि घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. तो सुचला तुला होता. मी तर चार दिवस तुझ्या नावाने बोटं मोडत होते. नवीन कादंबरीही लिहायला घेतली. स्वतःच नायिकेला पेचात टाकायचं आणि स्वतःच सोडवायचं, यात कसली मजा? पेच घालतानाच उत्तर ठाऊक. चाळीस पानं फाडली.

गेल्या सोमवारी ती मुलगी जुनी कात्रणं आणि परीक्षणं मागायला आली. तिला त्यांचे फोटो काढून ठेवायचे होते. मी कपाटातलं पुडकं तिच्यापुढे ठेवलं आणि चहाला उठले. मागून तिचा आवाज आला, “मावशी, हे पाठपोट आहे. मागचंही घेऊ ना?” तिच्या हातात तुझं पान होतं.

तीस वर्षं मी आवक सांभाळली. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी एकच धडा दिला: शिक्का मारण्याआधी कागद उलटून बघ. न बघणाऱ्यांना मी रडवलेलं तू पाहिलंयस. आणि तुझा कागद मी उलटला नाही. मागच्या बाजूला पहिलीच ओळ होती: ‘आमच्या आहेत. निम्म्या माझ्या मैत्रिणीच्या. आणि वाचताना जिथे हसू फुटतं ना, ती बहुतेक प्रकरणं तिची.’ समासात तुझं ते पेन्सिलीतलं बारीक अक्षर: ‘वाचलंस ना? आता तरी फोन कर.’ खाली नंबर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण एकोणीस वर्षांचा वळसा कोणी घातला नसेल. तू वाट बघितली असशील. मग तूही रागावली असशील, आणि मग रागही दमला असेल. त्या मुलीला मी तिथल्या तिथे खरं सांगितलं. ती रागावली नाही, छपाई थांबवते म्हणाली. तुझी सही झाल्याशिवाय काही निघणार नाही. पण सहीची मला घाई नाही आणि त्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

हे पत्र लिहिलं ते परवाच्या फोनमुळे. दुपारी चार वाजता मी तो नंबर लावला. इतक्या वर्षांत बदलला असेल, दुसरं कोणी उचलेल, म्हणून चुकीचा नंबर लागला असं सांगायची तयारी करून बसले होते. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तू उचललास. आवाज जरा जाड झालाय, पण तूच. सव्वीस कादंबऱ्यांत मी एवढे संवाद लिहिले, आणि माझ्या तोंडून एक ‘अगं’ फुटेना. तू दोनदा ‘हॅलो’ म्हणालीस. थांबलीस. घरात तुझ्याखेरीज कोणी असावं असं वाटलं नाही, कारण मग तू अगदी हळू, स्वतःशीच म्हणालीस, “कोणी नाही.” आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ते दोन शब्द कानातून जात नाहीत. कोणी नाही असं नव्हतं गं. मी होते.

तुझीच,
आवक