नागपूर की वाशीम

बाबा, बी. ए.ची परीक्षा देऊन मी अमरावतीहून मंगरूळला आले, तेव्हा तुम्ही चुलीपुढे बसून भाकरी थापत होतात. आई गेल्यापासून चूल तुमच्याकडेच होती. कापसाच्या जिनातल्या फिटरच्या हातांचा तेलाचा वास जाता जात नाही, म्हणून पिठात हात घालण्याआधी तुम्ही ते राखेने घासायचात. तरी केसांत रुईचा एखादा पुंजका राहायचाच. मी ट्रंक खाली ठेवते आहे तोवर तुम्ही म्हणालात, "आता नागपूर." विचारलं नाहीत, हुकूमही केला नाहीत. मोटार पुढे कुठे थांबणार हे सांगावं, तसं सहज म्हणालात आणि भाकरी उलटलीत.

कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांनी मला एम. ए. करायला सुचवलं होतं, तेवढं मी सुट्टीत तुमच्या कानावर घातलं होतं. त्यानंतर मी वाशीमला मुलींच्या शाळेत भेटून आले होते आणि तिथल्या मोठ्या बाईंनी जूनपासून ये म्हटलं होतं, हे मात्र सांगायचं राहिलं होतं. सांगू कशी? मलाच ठरवता येत नव्हतं. सकाळी अंगण झाडताना नागपूरचं वाचनालय डोळ्यांपुढे यायचं. दुपारपर्यंत वाटायचं, पुरे झालं आता पाठ करणं आणि मेसचं पातळ वरण, आपली एक खोली असावी आणि तिची किल्ली आपल्या हातात असावी. संध्याकाळी तुम्ही खोकत घरी आलात की वाटायचं, वाशीम निदान जवळ तरी आहे. आणि या सगळ्याच्या तळाशी एक भीती होती. चौकशीला नागपूरला गेले होते तेव्हा व्हरांड्यात मुली आपसांत इंग्रजीत बोलत होत्या. मी "मले फारम पाहिजे" म्हणाले, तर त्यातली एक हसली. वाईट मनाने हसली नसेल. पण ते हसू माझ्याबरोबर मोटारीत बसून घरापर्यंत आलं.

असे बरेच दिवस गेले. एके दुपारी मला घरात बसवेना. हंगाम संपत आला होता, तरी जिन चालूच होतं. मी फाटकातून आत गेले. उन्हाने पत्रे तापलेले, हवेत रुई उडते आहे, पट्टे फिरताहेत, सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या आवाजात शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. तुम्ही एका मशीनपाशी वाकलेले आहात, तुमच्याजवळ तुमचे जुने सोबती, तेल घालणारे चाचा, कुपी घेऊन उभे आहेत. मी तुमच्या कानाशी तोंड नेऊन सांगते, तुम्हाला कळत नाही. पुन्हा सांगते. तुम्ही हातानेच विचारता, काय? मग मी सगळा जीव एकवटून ओरडते, आणि नेमकी त्याच क्षणी जेवणाची सुट्टी होऊन सगळी यंत्रं थांबतात.

"मले नाही शिकाचं पुढं."

सगळ्या जिनात तेवढंच एक वाक्य घुमलं. सरकीच्या ढिगाजवळच्या बाया, गाठी बांधणारे, दिवाणजी, सगळ्यांनी माना वळवल्या. या सगळ्यांना तुम्ही वर्षभर सांगत होतात, पोरगी एम. ए. होणार हाय म्हणून. ते मला त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं. चाचांनी मडक्यातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "पानी पी ले, बेटी." मी पाणी प्यायले आणि तिथून जी निघाले ती घरी येऊनच थांबले.

संध्याकाळी तुम्ही आलात, हात घासलेत, चूल पेटवलीत. मी शिव्यांची वाट पाहत होते. तुम्ही पीठ परातीत काढलंत आणि माझ्याकडे न बघता म्हणालात, "काय नाही कराचं, ते साऱ्या जिनानं आयकलं. आता काय कराचं हाय, ते मले सांग."

मी वाशीमचं सांगितलं. तुम्ही विचारलंत, "माह्या खोकल्यासाठी राहून राह्यली का?" मी नाही म्हटलं. "मंग कायले?" मी चुलीतलं लाकूड आत सारलं. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. "माह्यासाठी काही सोडू नको. उद्या मी मेलो, तं कोणावर चिडशीन?"

दुसऱ्या दिवशी मी आसेगावला आत्याकडे निघून गेले. तिने वेगळाच रस्ता काढला. म्हणाली, लगन करून टाक, मंग दोन्हीची कटकट नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं. आठवडाभर मी तिच्या शेतात उगीच फिरले. नांगरून पडलेल्या रानात ढेकळं तुडवत जायचं आणि परत यायचं. शेवटी कंटाळून ठरवलं. शहाणपणाने ठरवलं असं तुम्हाला वाटू नये. ठरवणं संपावं म्हणून ठरवलं. परत येऊन म्हणाले, वाशीम. तुम्ही म्हणालात, "बरं."

जूनमध्ये तुम्ही मला पोचवायला आलात, तेव्हा मोटारीच्या टपावर ट्रंकेशेजारी एक बैठं मेज बांधलेलं होतं. खोक्यांच्या फळ्यांचं, पण रंधा मारून गुळगुळीत केलेलं. ते तुम्ही माझ्या नागपूरच्या खोलीसाठी हिवाळ्यापासूनच करत होतात. खोलीत खिडकीपाशी ठेवून तुम्ही पाय डगमगतात का ते हाताने दाबून पाहिलंत. मी एम. ए.बद्दल काही बोलू लागले, तर म्हणालात, "वह्या तपासाले कामी येईन."

शाळेत पहिल्याच तासाला एक मुलगी उभी राहून "बाई, मले दिसत नाही" म्हणाली आणि माझे खांदे सैल झाले. तरीही पहिली दोन वर्षं मी खिडकीतून नागपूरकडे जाणाऱ्या माणसांचा हेवा करत होते. नागपूरला गेले असते, तर वाशीमचा केला असता. तुम्ही अधूनमधून रविवारी यायचात, चहा घ्यायचात, विचारायचात, "मन लागलं का?" मी हो म्हणायची. तुम्ही मान हलवायचात. त्या उत्तरावर तुमचा विश्वास होता की नव्हता, हे मला कधी कळलं नाही.

मग ऐन कापसाच्या दिवसांत निरोप आला. मी मोटारीने पोचले तोवर तुम्ही गेला होतात. जिन त्या दिवशीही चालू होतं, घरात बसून ऐकू येत होतं.

पुढे नोकरी करत करत मी बाहेरून एम. ए. केलं. पास झाल्यावर मंगरूळला गेले. चाचा दर्ग्याजवळच्या त्यांच्या घरी ओसरीवर बसले होते, फार थकले होते. त्यांना पेढे दिले, तेव्हा त्यांनी त्या दुपारचं सांगितलं. मी फाटकाबाहेर पडल्यावर दिवाणजीने तुम्हाला विचारलं, काय हो, पोरीनं हे काय सांगतलं? तुम्ही हात पुसत म्हणालात, "आवाज आयकला ना? मास्तरीणच होईन थे." आणि डबा उघडून जेवायला बसलात.

म्हणजे मी घरी धुमसत बसले होते, आसेगावला ढेकळं तुडवत होते, तेव्हा तुम्ही समजून चुकला होतात. मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मला बराच राग आला होता, बाबा. आताही कधी कधी येतो. मग वाटतं, सांगितलं असतंत, तर ते तुमचं ठरवणं झालं असतं.

मी मागच्या वर्षी निवृत्त झाले. स्वस्थ बसेन असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. गेल्या आठवड्यात देवाला जाते म्हणून घरातून निघाले आणि नागपूरला विद्यापीठात पीएच.डी.चं विचारून आले. तिथले प्राध्यापक माझ्या विद्यार्थिनींहूनही लहान. या वयात कशासाठी, असं त्यांनी आदराने विचारलं. मी त्यांना म्हटलं, बघू. परवा वाशीमच्या शाळेतून तासावर शिकवायला याल का, असा निरोप आला. त्यांना तर मी हो म्हणून बसले आहे. दोन्ही कसं जमायचं, कुठलं आधी सुटेल, काही कळत नाही. घरात नवऱ्याला, मुलांना, अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुम्हालाच सांगते आहे, कारण तुम्ही लगेच काही बोलणार नाही.